लेखक आहेत ना, घरीच असतात!

अगं, दुपारी तुझं पार्सल येणार असेल तर वॉचमनकडे ठेवायला सांगू नकोस. तो एक तर झोपलेला असतो, नाहीतर पंपाच्या खोलीत मोबाईलवर सिनेमा बघत असतो. सरळ आमच्या पहिल्या मजल्यावरच्या लेखकांचं नाव सांग. लेखक आहेत ना, घरीच असतात. आमच्या बिल्डिंगची पार्सलं, गॅसचे सिलिंडर, इस्त्रीचे कपडे, शाळेतून लवकर सुटलेली पोरं, सगळं त्यांच्याकडेच जमा होतं. मागे तिसऱ्या मजल्यावरचं दार वाऱ्यानं लागलं आणि किल्ली आत राहिली, तेव्हा त्या घरचे आजोबा सून येईपर्यंत लेखकांच्या दिवाणावर घोरत पडले होते. त्या दुपारी लेखकांनी एक ओळ लिहिली नाही. पण पुढच्या दिवाळी अंकात ते घोरणं आलं. आजोबांचं नाव बदललं होतं, घोरणं तेच.

ये, अशी जवळ ये. ही अर्धी जुडी धर, मेथी निवडता निवडता बोलू. भिंतीला टेकलीस तरी चालेल, पडत नाही ती. फक्त साडीला, म्हणजे तुझ्या त्या कुर्त्याला, चुना लागेल. ही भिंत आमची की तुमच्या सोसायटीची, यावर अजून एकमत झालेलं नाही, म्हणून प्लॅस्टरही झालेलं नाही. वरच्या चार विटा निखळल्या आणि आपली बोलायची सोय झाली. तू नवीन आहेस, तुला वाटत असेल, सगळीकडे टॉवर उठले आणि पार्ल्याच्या या गल्लीत या तीन मजली इमारती कशा राहिल्या? अगं, विमानतळ जवळ. हे फनेल झोन. विमानं उतरायच्या वाटेत उंच बांधायला परवानगी नाही. बिल्डर येतात, मान वर करून बघतात, चहा पितात आणि जातात. माझी सून म्हणते दुर्दैव. मी म्हणते, विमानांच्या कृपेनं भिंत राहिली.

हं, तर लेखक. चेहऱ्यावरून कळत नाही. मी कितीतरी लेखक बघितलेत, म्हणजे त्यांची प्रूफं बघितलीत. गिरगावात छापखान्यात मुद्रितशोधक होते ना मी. खिळे जुळवायचे तेव्हापासून. गॅलीचं प्रूफ, मग पानांचं, मग फर्मा मशीनवर चढायच्या आधी शेवटची नजर. माणूस कसा आहे ते प्रूफावरून कळतं. काही जण आपलंच लिहिलेलं वाचून खूष होतात आणि चुका तशाच सोडतात. काही जण प्रूफावर नवीन प्रकरण लिहून पाठवतात, कंपोझिटर शिव्या घालायचा. हे आमचे लेखक दुसऱ्या जातीचे.

पैसे? अगं, तू पहिल्याच महिन्यात विचारलंस! मी दोन वर्षं कळ काढली होती. सांगते. समज तीनशे रुपयांचं पुस्तक आहे. लेखकाला शेकडा दहा. म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. हजार प्रतींची आवृत्ती झाडून संपली तर तीस हजार, आणि ती संपायला चार-पाच वर्षं सहज. हल्ली तर हजार छापायलाही प्रकाशक तयार होत नाहीत, तीनशे काढू, लागल्या तर पुन्हा काढू म्हणतात. आता महिन्याचा मेंटेनन्स किती आणि हे किती, तू कर हिशेब, तू कॉम्प्युटरवाली. वहिनी बँकेत आहेत म्हणून घर चाललंय. पण ते तक्रार करत नाहीत हो. दिवाळी अंकाचं मानधन एकदा मार्चमध्ये आलं, तर 'होळीचा बोनस' म्हणून मजल्यावर सगळ्यांना पुरणपोळ्या वाटल्या. विकतच्या. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीहून बातमी आली ना, मराठीला अभिजात दर्जा, तेव्हा पेढे वाटले. मी विचारलं, "आता मानधन वाढणार का?" म्हणाले, "काकू, भाषा अभिजात झाली, संपादक अजून तेच आहेत."

सकाळी काय करतात म्हणशील, तर पेपर वाचतात. दोन पेपर घेतात. पहिल्या पानाकडे ढुंकून बघत नाहीत. छोट्या जाहिराती, हरवले आहेत, नाव बदलले आहे, निधन वार्ता. पेन्सिलीनं खुणा करतात. मला आधी वाटलं, ओळखीचं कुणी गेलं की काय रोज रोज. तर ते नावं गोळा करतात. गोष्टीतल्या माणसांना नावं लागतात ना! कुणाचं नाव, कुणाचं आडनाव, कुणाचं गाव. मग चहा. घरी वहिनी थर्मास भरून ठेवून जातात, तो तसाच. हे खाली उतरून नाक्यावर कटिंग घेतात. बारा-पंधरा रुपये घालवून दोन घोट. कारण विचारलं तर म्हणाले, घरच्या चहाबरोबर कुणी भांडत नाही.

आणि भाजी. वसईहून भाजीवाली येते बघ, पाटीत वालाच्या शेंगा, वेलची केळी, कधी सुकेळी असतात. तिच्यासमोर उकिडवे बसतात आणि पाव किलो भेंडीला पाऊण तास लावतात. गिऱ्हाइकं खोळंबतात. ती मात्र यांना गाडीत चढताना पाटी कुणी उचलून दिली, नवऱ्यानं वाडीतलं काय विकलं, पोरीनं कॉलेज का सोडलं, सगळं सांगते. मी तिच्याकडून किती वर्षं भाजी घेत्ये, मला फक्त भाव सांगते.

रद्दीचं ऐक. रद्दीवाला येतो, किलोवर रद्दी नेतो, पैसे देतो. दुसऱ्या दिवशी हे पिशवी घेऊन त्याच्या दुकानात जातात आणि तेवढ्याच वजनाची परत आणतात. वहिनी कपाळाला हात लावतात. एकदा तिथे 'सत्यकथे'चा एक जुना अंक मिळाला त्यांना. सत्यकथा ठाऊक आहे ना? नाही? असू दे. मौजेचं मासिक, खटाववाडीतून निघायचं, १९८२ साली बंद पडलं. आमचा छापखाना तिथून दोन गल्ल्या सोडून. त्यात आपली कथा आली म्हणजे आपण लेखक झालो असं माणसं समजायची, आणि कथा 'साभार परत' आली की महिनाभर कुणाशी बोलायची नाहीत. तर तो अंक घेऊन हे जिना धावत चढले. मला वाटलं आत एखादी गाजलेली कथा असेल. कथा होत्याच. पण यांनी उघडून दाखवलं काय, तर मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं दुधाचा हिशेब लिहिला होता! सोमवार एक, मंगळवार एक, बुधवार दोन, आणि पुढे कंसात 'पाहुणे'. आठवडाभर हा माणूस विचार करत होता की बुधवारी कोण आलं असेल. मला येऊन सांगायचे, "काकू, गुरुवारी परत एकच आहे. म्हणजे मुक्काम केला नाही. भांडण झालं असणार." मी म्हटलं, "अहो, जवळच राहत असतील." तर हिरमुसले.

मेथीच्या काड्या टाकू नकोस गं, कोवळ्या आहेत, त्या पिठल्यात घालीन.

काय म्हणत होते? हां, लेखक. लेखकांवरून आठवलं, साहित्य सहवास. बांद्रे पूर्वेला, कलानगरच्या बाजूला. लेखकांनी मिळून उभी केलेली सोसायटी. विंदा करंदीकर राहायचे, गंगाधर गाडगीळ, हिंदीतले धर्मवीर भारती. विचार कर, जिथे दर दारामागे कुणीतरी लिहीत बसलंय, तिथे पाणी गेल्याची नोटीससुद्धा कसल्या मराठीत लागत असेल! आणि त्या कॉलनीत वाढलेल्या पोरांमधलं जगाला ठाऊक झालेलं नाव कुठलं, तर सचिन. वडील रमेश तेंडुलकर कवी, कॉलेजात शिकवायचे. तेव्हापासून आमचे लेखक म्हणतात, आवारात पोरांना चेंडू खेळू द्यावा, काही सांगता येत नाही. म्हणून तर तुमच्या बाजूच्या पोरांचा चेंडू त्यांच्या गॅलरीत गेला तरी ओरडत नाहीत, परत टाकतात. टाकायच्या आधी मात्र आऊट की नॉट आऊट हे भांडण शेवटपर्यंत ऐकून घेतात. चेंडू हातात धरून. पोरं बिचारी खाली ताटकळत.

कुणाचं पार्सल यायचं नसेल त्या दिवशी दुपारी दोन वाजले की कापडी पिशवी खांद्याला लावून बाहेर. नव्या माणसाला वाटावं सेकंड शिफ्ट आहे. स्टेशनवर जातात आणि चर्चगेटची धीमी गाडी पकडतात. काम काही नाही! तिमाही पास काढलाय. ऑफिस नसलेला माणूस पास काढतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. पार्ल्याहून चर्चगेट पाऊण तास, दुपारची गाडी रिकामी, खिडकी मिळते. माहीमच्या खाडीपाशी वारा लागतो. म्हणतात, घरी पंख्याखाली सुचत नाही ते तिथे सुचतं. कधी उतरून फाउंटनला जुनी पुस्तकं बघायला जातात. आता फुटपाथवर पूर्वीसारखी रांग नाही राहिली, पण जी आहेत तिथे अर्धा तास उभं राहून एखादं पुस्तक घेतात, आणि येताना शेंगदाण्याची पुडी. कधी उतरतच नाहीत, तीच गाडी परत बोरिवलीला निघाली की तिच्यातच बसून परत येतात. पिशवीत वही असते, पण मी एकदा त्याच गाडीत समोरच्या बाकावर होते, सांगते ना, वही बाहेर काढलीच नाही. डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. उतरल्यावर म्हणाले, "काकू, त्या दोघांचा व्यवहार ऐकलात? धाकट्यानं मोठ्याला सोळा लाखांना गंडवलंय." मी आपली दादरला कोण चढलं तेवढंच बघत होते.

पण खरी गंमत पुढेच आहे. पुरुषांच्या डब्यात बोलून बोलून बोलणार काय? शेअर, क्रिकेट आणि सरकार. सगळे एकच पेपर वाचून आलेले. माल असतो तो बायकांच्या डब्यात, आणि तिथे यांना मज्जाव. मग काय करतात, रात्री जेवताना वहिनींची साक्ष काढतात. वहिनी सकाळची गाडी पकडतात, रोजचा ठरलेला ग्रूप, ठरलेला दरवाजा. कुणाची डोहाळजेवणं त्या गाडीत झाली आहेत, भाज्या निवडून झाल्या आहेत, नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या झाल्या आहेत. त्या डब्यात एक क्लिपा विकणारी येते, तिनं म्हणे गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न जमवलं. स्थळ कुठलं, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा भाचा. साखरपुड्याला क्लिपवालीला साडी मिळाली. हे सगळं आमचे लेखक ताटातला भात निवेपर्यंत ऐकत बसतात. "मग ती काय म्हणाली? कुठल्या स्टेशनला म्हणाली? उभी होती की बसलेली?" आणि वहिनी काही कच्च्या नाहीत. बँकेत कर्जविभागात आहेत, तारण घेतल्याशिवाय काही देत नाहीत. निम्मी गोष्ट जेवताना, शेवट भांडी घासून झाल्यावर! आमच्या स्वयंपाकघराच्या वरच त्यांची मोरी, मला सगळं ऐकू येतं. भांडी जोरात आपटायला लागली की समजायचं, गोष्ट रंगात आलेली आहे. परवा कुकर घासून झाला तरी वहिनी म्हणाल्या, "ओटा राहिलाय." मीच खालून ओरडणार होते, सांगून टाका हो एकदाचं!

लिहितात कधी? लिहितात की. पहाटे. शाईच्या पेनानं. बाटलीतून शाई भरताना ठिपका पडतोच, तो टेबलावरच्या कागदानं टिपतात, वहिनींच्या टेबलक्लॉथनं नाही असं म्हणतात. मला म्हणाले, या शाईला गिरगावचा वास येतो. वास कसला, पण दि. प. दांडेकरांनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या भुकटीवर धंदा उभा केला, तोच पुढे कॅम्लिन झाला, ही हकिकत मीच त्यांना सांगितली होती. आणि कागद कुठले? पाठकोरे. माझ्याकडे जुन्या प्रूफांचे गठ्ठे होते, सून टाकून दे म्हणत होती, ते यांनी नेले. एका बाजूला मी तांबड्या शाईनं काढलेल्या दुसऱ्यांच्या चुका, मागच्या बाजूला यांच्या नव्या.

चुका पुष्कळ करतात हो! लेख छापायला गेला की प्रूफ येतं, ते प्रिंट काढून वरच्या गॅलरीतून दोरीनं पिशवी सोडतात. मी खाली काढून घेते. बरं, शुद्धलेखनाचे नियम काही शेकड्यांनी नाहीत. महामंडळाचे १९६२ सालचे चौदा, १९७२ ला त्यात चार घातले, झाले अठरा. त्या अठरांत एवढा शिकलेला माणूस 'आणि' दीर्घ लिहितो! घाईत झालं म्हणतो. आणि 'जणू' किती? एका पानात चार 'जणू'. मी नियम केलाय, पहिला 'जणू' माफ, पुढच्या प्रत्येकाला एक चकली. मागच्या वर्षी श्रावणापासूनच माझ्या डब्यात चकल्या होत्या. दिवाळी अंकाचं लिखाण तेव्हाच चालतं ना. संपादकांचे फोन मे-जूनपासून, गणपतीत धावपळ, पितृपक्षात बोंबाबोंब. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना कुठे ठाऊक, की आमच्या जिन्यावर एक माणूस भाद्रपदात फोन उचलायचा सोडून देईल. फोन वाजला की मला खुणेनं सांगतात, नाही म्हणा. मी सांगते, "लेखक बाहेर गेलेत." पलीकडून उत्तर येतं, "बाहेर कसे? ते तर घरीच असतात!"

एक मात्र मला त्यांचं पटत नाही. बिस्किटांचा वास. दर दोन-तीन वर्षांनी कुठेतरी पार्ल्याच्या कारखान्यावर लेख येतोच. १९२९ चा कारखाना, गाडी स्टेशनात शिरली की भाजलेल्या बिस्किटांचा वास, २०१६ ला बंद झाला, सगळं खरं. मलाही आठवतो. पण किती वेळा? मी प्रूफावर समासात लिहिलं, 'हा वास आता शिळा झाला.' रागावले नाहीत. पुढच्या लेखात ते वाक्यच घातलं, एका खडूस म्हातारीच्या तोंडी. मी बघ, पटकन ओळखलं.

संध्याकाळी सेवा संघात काही असेल तर जातात. लोकमान्य सेवा संघ, अगं, तुला माहीत हवा, १९२३ पासून आहे. मॅजेस्टिकच्या गप्पा व्हायच्या तिथे, मी पुढच्या रांगेत बसायची, डावा कान जरा कमी आहे म्हणून. मोठी माणसं ऐकली. लेखक मागे, दाराजवळ. आपल्याला वाटेल, लवकर सटकता यावं म्हणून. छे! कार्यक्रम संपल्यावर माणसं पायऱ्यांवर घोळक्यानं उभी राहतात आणि स्टेजवर जे बोललं गेलं नाही ते बोलतात, ते दाराजवळ आधी ऐकू येतं. लेखकांबद्दल लेखक जे बोलतात ना, त्याच्यापुढे आपण दोघी बाळबोध. दळवींनी तर त्याचंच सदर केलं होतं. 'ललित' मासिक १९६४ ला निघालं, त्यात जयवंत दळवी ठणठणपाळ नावानं 'घटका गेली, पळे गेली' लिहायचे. कोण कुठल्या समारंभात काय म्हणालं, कुणी कुणाची स्तुती का केली. आमच्या छापखान्यात अंक आला की साहेबांच्या आधी कंपोझिटर वाचायचे. त्या सदरात आपलं नाव येईल म्हणून लेखक घाबरायचे, आणि नाहीच आलं तर तोंड पाडून बसायचे.

आमच्या बिल्डिंगचं तसंच झालंय. "आमचं काही लिहाल हो!" असं सगळे हसत हसत म्हणतात, आणि खरंच नाही लिहिलं की दुखावतात. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा घोरण्यामुळे नातेवाइकांत प्रसिद्ध झाले, तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, "आमच्यात काय कमी आहे?" आमचे चेअरमन तर हल्ली जिन्यात लेखक दिसले की मोठ्यांदा फोनवर बोलतात, आपलं आयुष्य कसं खडतर गेलं वगैरे.

आता तुला एक सांगते, पण कुणाला बोलू नकोस. मेथी ठेव खाली. मागच्या पावसाळ्यात हे भिंतीपाशी आले, तोंड उतरलेलं. संपादकांना कथा द्यायची होती आणि सुचत काही नव्हतं. मला विचारलं, "काकू, या भिंतीची काही गोष्ट आहे का?" आता भिंतीची काय गोष्ट असणार? वाळू, सिमेंट, विटा. पण माणूस असा आशेनं बघत होता, पोटात तुटलं माझ्या. मी सांगून टाकलं. म्हटलं, "आहे तर! पूर्वी इथे भिंत नव्हती, मेंदीचं कुंपण होतं. कुंपणावर फणस होता. बुंधा आमच्याकडे, फांदी त्यांच्याकडे. एका वर्षी पिकलेला फणस रात्रीत नाहीसा झाला. सकाळी पलीकडून वास यायला लागला. आमच्या मालकांनी महिनाभरात फणस तोडला आणि भिंत घातली. दोन्ही मालक लहानपणचे दोस्त, पुन्हा बोलले नाहीत." मला स्वतःलाच ऐकता ऐकता वाईट वाटायला लागलं, इतकं बेमालूम जमलं ते. फणस कुठला नि काय कुठला! इथे एक पपईचं झाड होतं, तेही पाण्याच्या टाकीच्या कामात गेलं.

कथा छापून आली. सुरेख झाली होती, खोटं कशाला बोलू. दोन्ही मालकांची म्हातारपणची भेट त्यांनी आपल्या मनानं घातली होती, ती वाचताना मला रडू आलं. कोल्हापूरहून, डोंबिवलीहून वाचकांचे फोन आले. मला त्यांनी अर्धा किलो मलई पेढा आणून दिला, "काकू, माल तुमचा," म्हणाले. मी घेतला. का नाही घ्यायचा?

इथवर ठीक होतं. पण तो अंक तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हाती पडला. तुझ्या मिस्टरांनी सांगितलं नाही तुला? दोन्ही कमिट्यांची बैठक होती, प्लॅस्टरचा खर्च कुणी करायचा म्हणून. तुमचे सेक्रेटरी उठले, दिवाळी अंक काढला आणि खुणेचं पान उघडून वाचायला लागले. "इथे स्पष्ट लिहिलंय की भिंत तुमच्या मालकांनी घातली. म्हणजे भिंत तुमची. प्लॅस्टर तुमचं." आमचे चेअरमन म्हणाले, "ही कथा आहे." तर ते म्हणाले, "लेखक तुमच्याच बिल्डिंगचे आहेत, त्यांना माहीत असणार." आणि कहर म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उठून म्हणाले, "फणस मला आठवतो. कापा होता." कापा! मी तो बरका की कापा हे सांगितलंसुद्धा नव्हतं! बैठक मोडली. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं फणसाचे साक्षीदार शोधत फिरताहेत.

लेखकांना सांगू? वेडी की काय! ते खूष आहेत. म्हणतात, अशी दाद अजून मिळाली नाही, वाचक कथा घेऊन कोर्टात जायला निघालेत. आता दुसरा भाग लिहितायत. त्यात म्हणे तुमच्या बाजूच्या मालकाची बाजू यायला हवी, आणि त्यासाठी त्यांना तुमच्याकडचं कुणीतरी जुनं माणूस हवंय. तर मी काय म्हणते, तुझ्या सासूबाई तुमच्या इमारतीत पहिल्यापासून होत्या ना? परमेश्वर त्यांना शांती देवो, आता त्यांना विचारायला कोण जाणार आहे? तू एवढंच सांगायचं, की फणस चोरीला गेलाच नव्हता. आमच्याच मालकांनी आदल्या रात्री आपण होऊन तुमच्या दारात नेऊन ठेवला होता, आणि सकाळी बायकोसमोर कबूल करायची हिंमत झाली नाही. म्हणजे भिंत घातली ती बायकोच्या धाकानं, चोरीमुळे नाही. मग दोघांचाही दोष येतो, आणि प्लॅस्टर निम्मं निम्मं करता येतं. कळलं ना?

ए, चर्चगेटहून आले बघ. पिशवीत शेंगदाणे दिसतायत. पदर, म्हणजे ती ओढणी, नीट कर आणि चेहरा जरा गंभीर ठेव. काय हो, आज गाडी लवकर मिळाली वाटतं? या ना इकडे. ही आपली शेजारची सून. हिच्या सासूबाई हिला फणसाचं काहीतरी सांगायच्या म्हणे, मी म्हटलं, मला नको, लेखकांनाच सांग. सांग गं, लाजू नकोस. आणि तुम्ही शेंगदाणे इकडे द्या आधी.